डायवर मामांचं डिझेल

धोंडिराम मामा रस्त्यानं चालतानाही सिग्नल पुकारत. पूर्णेच्या बाजारात त्यांच्यासोबत भाजी आणायला जाणं ही माझी परीक्षाच असे. चौकात आलो की ते थांबायचे, माझा दंड धरायचे आणि म्हणायचे, "तुमी बोला, मंग मी बोलतो." मी ओशाळून पुटपुटायचो, "रस्ता मोकळा." मग मामा आख्ख्या चौकाला ऐकू जाईल अशा आवाजात "रस्ता मोकळा" म्हणत आणि पिशवी सावरत पलीकडं जात. भाजीवाल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मामांना त्याचं काही वाटत नसे, लाज सगळी माझ्या वाट्याला येई.

सवय इंजिनावरची होती. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हर एका बाजूला उभा आणि फायरमन दुसऱ्या बाजूला. सिग्नल दिसला, म्हणजे दिवसा खांबावरचा हात आणि रात्री त्याचा तांबडा-हिरवा दिवा, की एकानं मोठ्यानं सांगायचा, दुसऱ्यानं स्वतःच्या डोळ्यांनी बघून तोच परत म्हणायचा. दोघांचं जुळलं की गाडी पुढं. मामांनी आधी कोळसा मारला, मग यार्डात डबे हलवायचं शंटिंग केलं, मग ड्रायव्हर झाले, आणि या सगळ्यात ही पुकारणी त्यांच्या अंगात इतकी मुरली की घरी मामींनी भाकरी वाढली तरी "भाकरी आली" असं मामी म्हणत आणि मग हे म्हणत.

मी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचो. रेल्वे कॉलनीला लागून असलेल्या गल्लीत माझी भाड्याची खोली, तिचं परस मामांच्या परसाला भिडलेलं. माणूस मोठा तोऱ्याचा. भट्टीच्या धगीनं भुवया अर्ध्या जळालेल्या, गालात तंबाखूची गोळी कायमची, आणि सुट्टीच्या दिवशी अंगात असा पांढराशुभ्र कडक सदरा की बघणाऱ्यानं आपली कॉलर तपासावी. माझ्या धंद्याविषयी त्यांचं मत चांगलं नव्हतं. "मास्तर, झाडाचं चित्र काढून काय करायलाव? झाड हाय की तिथं उभं," असं ते मला माझ्याच दारात ऐकवत.

गंमत अशी, की स्वतः मामा पत्र्याची इंजिनं करत. गोडेतेलाचे डबे कापून, ठोकून, डाग देऊन केलेली वाफेची इंजिनं. कॉलनीतल्या निम्म्या घरांत त्यांचं एकेक इंजिन फळीवर होतं. पिस्टन, दांडे, चाकं, सगळं जिथल्या तिथं. त्यांचं म्हणणं असं, की जी वस्तू आपल्या हातानं करता येत नाही ती आपल्याला कळलेली नाही. रंग मात्र सगळ्यांना एकच, काळा. मी एकदा म्हणालो, जरा दोन रंग वापरा की. तर म्हणाले, "काळं म्हंजे काळं. तेच्यात चुकायला काय हाय?"

दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली असतील. आमच्या लहान रुळांवर डिझेल इंजिन येणार, अशी बोलवा उठली आणि एके दिवशी ते खरंच आलं. हार घातलेलं, नारळ फोडलेलं. बघायला सगळी पूर्णा लोटली. लोक लांबून हात जोडत होते आणि मामा हातात सुतळी घेऊन त्याच्या भोवती फिरत होते. लांबी मोजायची, सुतळीला गाठ मारायची. उंची मोजायची, पुन्हा गाठ. त्याच्यासोबत आलेल्या ड्रायव्हरनं हटकलं, तर मामा म्हणाले, "शिवायलो न्हाई तुमच्या नवरीला, कापड मोजायलो."

तेव्हापासून त्यांना दुसरं काही सुचेना. डिझेलच्या ट्रेनिंगला शेडमधून काही ड्रायव्हर जाणार होते आणि यादीत मामांचं नाव होतं. राहिली होती फक्त डोळ्यांची तपासणी. मामांचे वडील पिंगळी स्टेशनच्या बाजूला लाईनवर गँगमध्ये होते. उन्हातान्हात रूळ ठोकता ठोकता म्हातारे झाले आणि इंजिनात कधी पाय न ठेवता गेले. बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी त्यांचा एक पुसट फोटो होता. त्याच्याकडं हनुवटी करून मामा मला म्हणाले, "तेनं ठोकलेल्या रुळावून वाफेची गाडी नेली मी. आता येकदा डिझल न्यायची पिंगळीवून. मंग रिटायर केलं तरी चालंल." एवढी एकच इच्छा या माणसानं माझ्यापाशी कधी बोलून दाखवली.

ट्रेनिंगला जायच्या आधी डिझेल हातानं करायचं, हे ओघानं आलंच. गाठींची सुतळी भिंतीवर टांगली गेली, डबे कापले गेले. पण काम अडू लागलं. "वाफेचं इंजिन उघड्या अंगाचं हाय," मामा वैतागून म्हणायचे, "बरगडी न् बरगडी मोजून घ्या. ह्ये शेरवानी घालून आलंय. आत काय हाय, पत्ताच लागंना." शेवटी त्यांनी शेरवानीच नीट शिवायची ठरवली. सायकलच्या तारांचे कठडे झाले. हवा जायच्या जाळ्यांसाठी मामींची चहाची गाळणी गेली आणि दोन दिवस आम्ही पत्तीसकट चहा प्यायलो. बामच्या डब्यांच्या झाकणांची चाकं झाली. पुढच्या दिव्याच्या जागी बॅटरीचा बल्ब बसला. मी जळक्या स्वभावाचा माणूस, पण ते नाक काढलेलं, लांबट, कठडेवालं इंजिन ओट्यावर ठेवलेलं पाहिलं तेव्हा मनापासून मान हलवली.

आता रंग. खरं इंजिन गडद तांबडं होतं, मधून पिवळा पट्टा. मामांना आयुष्यात पहिल्यांदा काळ्याशिवाय दुसरा रंग लावायचा होता आणि त्यासाठी पहिल्यांदाच माझी गरज पडली होती. ती संधी मी सोडली नाही. आठवडाभर मी त्यांना राबवलं. पॉलिश पेपरनं घासायला लावलं, राखाडी अस्तराचा हात द्यायला लावला, वाळल्यावर पुन्हा घासायला लावलं. "आवो, रंग लावायचाय का पत्रा झिजवायचाय?" असं म्हणत मामा घासत बसले. ब्रश कसा धरायचा ते शिकवताना मी त्यांच्या हातावर चापटी मारली आणि ती त्यांनी खाऊन घेतली.

सुट्टीचा दिवस होता. शाळेच्या गॅदरिंगचे उरलेले रंग मी करवंट्यांत काढून परसात मांडले. तांबडा, पिवळा, हिरवा, काळा. पट्ट्याच्या जागी कागद चिकटवून दिला आणि म्हणालो, "मी जेवून येतो, मग लावू. तांबडा या कडेचा." मामा म्हणाले, "जावा तुमी. रंग काय मला कळत न्हाई का?"

जेवून आलो तर एक बाजू रंगवून झालेली. हात इतका सफाईदार, की कुठं ओघळ नाही, केस नाही. मामा उकिडवे बसून मान वाकडी करून बघत होते. "कसा जमलाय तांबडा?" त्यांनी विचारलं.

इंजिन हिरवंगार होतं. मला वाटलं माझी फिरकी घेताहेत, म्हणून मी हसलो. तेवढ्यात गंगूमामी कुरडयांचं सूप घेऊन बाहेर आल्या आणि सहज म्हणाल्या, "आवो, हिरवं कामून केलाव?"

"हिरवं कुठं हाय? तांबडं हाय. नीट बघ."

मामी माझ्याकडं बघायला लागल्या. माझं हसू गेलं. मामांनी आधी त्यांच्या तोंडाकडं पाहिलं, मग माझ्या, मग इंजिनाकडं. ब्रश करवंटीवर आडवा ठेवला. "मास्तर," ते म्हणाले, "तुमी बोला."

"हिरवा आहे, मामा."

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्यामागून ते म्हटलं नाही.

मग त्यांनी मला करवंट्यांच्या जागा बदलायला लावल्या आणि एकेकीपुढं बसून रंगांची नावं सांगितली. पिवळा आणि काळा बरोबर आला. उरलेल्या दोहोंपुढं ते अडखळत होते, जवळ जाऊन बघत होते, वाससुद्धा घेऊन बघितला. एकदा बरोबर सांगितलं, एकदा चूक, पुन्हा चूक. मी म्हणालो, ऊन फार आहे, डोळे दिपतात. ते म्हणाले, "ऊन न्हाई, मास्तर." मामींनी सूप हातातून खाली ठेवलं नव्हतं.

त्यांचा फायरमन शेख महेबूब त्यांना ड्यूटीवर न्यायला आला, कारण दोघांची संध्याकाळची गाडी होती. सगळं ऐकून तो कोड्यात पडल्यासारखा हसला. "इत्ताच ना, उस्ताद? दिन में तो सिग्नल का हात दिखता, रात में मेरी आँखां हैं. मैं बोलता, तुम चलाव. आजपर्यंत काय बिघडलं?" डोळे तपासायच्या पुस्तकातले ठिपक्यांचे आकडेही तो पाठ करून घेणार होता. खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं. डिझेल हाताशी आलेलं होतं आणि त्या माणसाच्या गाडीला कधी साधा धक्कासुद्धा लागलेला नव्हता.

मामा म्हणाले, "महेबूब, इंजिनावर दोन माणसं कामून ठिवल्यात? येक चुकला तर दुसऱ्यानं धरावं म्हून. तू हिरवा म्हणला की मी हिरवा म्हणायलो. मला वाटायचं मी बघायलोय. मी तर कानानं बघायलो इतके दिस." मग थोडं थांबून म्हणाले, "तू चुकला आसता तर तुला कोण धरायचं? मागं डब्यात लेकरं झोपलेली आसत्यात, बाबा."

महेबूब रडवेला झाला. मामांनी पांढरा सदरा घातला, आरशात बघून भांग पाडला आणि शेडमध्ये जाऊन स्वतःच्या तोंडानं सांगितलं, की मला रंग दिसत नाहीत, मला गाडीवर पाठवू नका. त्या गाडीला दुसरा ड्रायव्हर गेला. मी त्यांच्यासोबत गेलो होतो. परत येताना चौकात ते थांबले, सवयीनं माझा दंड धरला आणि पाऊलच उचललं नाही. मीच हात धरून त्यांना पलीकडं नेलं.

रेल्वेच्या डॉक्टरांनी तंबाखूला दोष दिला, तिनं डोळ्यांतले रंग हळूहळू जातात म्हणाले. ती सोडली तर रंग परत दिसतीलही, नाहीतर नाही, पण या वयात इंजिन आता विसरायचं. मामींनी त्याच दिवशी चंची चुलीत घातली. मामांना रनिंग रूमवर काम मिळालं. बाहेरगावाहून आलेले ड्रायव्हर तिथं झोपायचे. त्यांना वेळेवर उठवायचं, चहा द्यायचा, चादरी बघायच्या. पुढं डिझेलवाले येऊ लागले. "कपडे जसेच्या तसे घेऊन येत्यात," मामा मला सांगत, "आंगावर कोळशाचा कण न्हाई." मग ते बडीशेप तोंडात टाकून दुसरंच काही काढत. पिंगळीचं नाव मात्र मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटे.

इंजिन पुष्कळ दिवस राखाडी अस्तरात, एका बाजूनं हिरवं, तसंच पडून होतं. एके दिवशी कुंपणावरून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. "दुसरी बाजू तुमी रंगवा. खरी." मी म्हणालो, हिरवीवरही तांबडा हात मारतो, झाकून जाईल. तर म्हणाले, "ती ऱ्हाऊ द्या. ती माझी हाय." मी तांबडी बाजू रंगवली, दोन्हीकडं पिवळा पट्टा ओढला. ते इंजिन वडिलांच्या फोटोखाली फळीवर बसलं. पाहुणे यायचे झाले की मामा मला हाक मारून विचारत, "तांबडी कंची?" मी बोट दाखवी आणि ते ती बाजू बाहेर करून ठेवत. त्यांना दोन्ही बाजू सारख्याच होत्या.

काही वर्षांनी माझी जिंतूरला बदली झाली. निघायच्या सकाळी सामान ट्रकमध्ये चढवून मी निरोप घ्यायला गेलो. मामींनी डोळे पुसत दशम्या बांधून दिल्या. मामा ओट्यावर उन्हात बसले होते. त्यांनी आतून इंजिन आणायला लावलं. मला वाटलं, आठवण म्हणून देणार. पण त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि जाळ्यांतली धूळ फुंकत हळूहळू फिरवत राहिले. एका बाजूवर थांबले. जवळ नेलं, लांब धरलं, पुन्हा जवळ नेलं.

आता विचारणार म्हणून मी सवयीनं तोंड उघडलं. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"थांबा, मास्तर. आज मी आधी बोलतो." आणि त्या बाजूवरून अंगठा फिरवत ते म्हणाले, "हिरवी."

मी नीट बघून घेतलं आणि त्यांच्यामागून म्हणालो, "हिरवी."