तंबाखूचं पाणी

आमच्या मांजरीच्या शेपटीजवळचे केस गेले तेव्हा मी आधी तिलाच रागावले. चौदा वर्षांची बाई, पण कुठं लोळावं याची अक्कल नाही. शेजारच्या यंत्रमागाच्या शेडमधून पिसवा घेऊन आली असणार, असं मी ठरवूनच टाकलं. पंधरा दिवसांत तळहाताएवढी जागा उघडी पडली. फ्रिजवर उडी मारणं तिनं केव्हाच सोडलं होतं, आता खुर्चीसुद्धा चुकायची. मला सगळं दिसत होतं. पण केस परत आले की बाकीचंही परत येईल, असं मी मनाशी धरून बसले होते.

निपाणीला थोरल्या बहिणीला फोन केला.

"पिसवाच गं त्या. तंबाखूचं पाणी लाव," आक्का म्हणाली. "आप्पा बैलास्नी लावत न्हवते व्हय?"

लावत होते. आमचं माहेर तंबाखूवरच चालायचं. गोचीड असो, उवा असोत, वडिलांचं औषध एकच. लग्न होऊन मी इथं खासबागेत, विणकरांच्या वस्तीत आले, जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, तरी डॉक्टरांआधी मला तेच पटलं. गुलाबावर मारायला आणलेला चुरा घरात होताच. तो भिजवला, गाळला आणि दुपारी तिला मांडीवर घेऊन फडक्यानं पाठ पुसली. तिनं अंगही काढून घेतलं नाही.

तासाभरात तिची लाळ गळायला लागली, पाय थरथरायला लागले. टोपलीत घालून रिक्षानं दवाखाना गाठला. डॉक्टरांनी तिचं अंग धुतलं, सुई दिली आणि मग मला विचारलं, "हिनं अंग चाटलं न्हाय?"

"न्हाय."

"म्हणून वाचली. कधीपास्नं चाटत न्हाय?"

उंबऱ्यात बसून तासन्‌तास अंग चाटणारी ही मांजर, आणि ते कधी थांबलं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उलट मी तिला आळशी म्हणायची. माझी मलाच चीड आली. पिसू एकही नव्हती. मान वळत नाही, मूत्रपिंडं थकलीत, केस काही यायचे नाहीत, डॉक्टर म्हणाले. खाईल तेवढं खाऊ द्या.

एकच गोष्ट ती अजून चाटायची, माझी बोटं. संध्याकाळी कणीक मळून झाली की तिची करंगळीपासून सुरुवात व्हायची. त्या दिवशी घरी आल्यावरही तिनं तशीच मान पुढं केली. हाताला तंबाखूचा वास होता, म्हणून मी तो झटकन पदराआड घेतला. तीनदा साबणानं धुतला आणि परत तिच्यापुढं धरला. तिनं हुंगला आणि तोंड फिरवलं.

याला महिना झाला. रोज कणीक मळून झाली की मी बोटं तिच्यापुढं धरते. ती बघते, आणि उघडी पाठ माझ्याकडं करून बसते.