बेदाण्यांची फौज

“नियमात बसतंय का तेवढं बगा,” असं म्हणत ते डब्यातून एक बेदाणा काढायचे आणि पाटावर ठेवायचे. तो बेदाणा म्हणजे एक सांगाडा.

सांगलीत माझ्या शेजारीच त्यांचं घर. तासगावच्या बेदाण्याचा व्यापार. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. सत्तरचं दशक सरत आलं होतं. समोरच्या प्राध्यापकांच्या मेव्हण्याने अमेरिकेहून एक खेळ पाठवला होता: एक पुस्तिका आणि विचित्र कोनांचे फासे. प्राध्यापक गोष्ट सांगायचे. गुहा आहे, आत राक्षस आहे, आता काय करता? आपण आपापलं सोंग घेऊन उत्तर द्यायचं. ते जमलं की फसलं, हे फासे ठरवायचे. पुस्तिका इंग्रजी, मी शाळामास्तर, म्हणून नियम मराठीत एका वहीत मी उतरवले. ती वही माझ्यापेक्षा आप्पांनीच जास्त वाचली.

आप्पांनी सोंग घेतलं ते मढी उठवणाऱ्या मांत्रिकाचं. आम्हाला नवल वाटलं. जैन माणूस, दिवस मावळायच्या आत जेवणारा. त्यांच्यासाठी आमचा रविवारचा खेळ उजेडातच संपायचा. ते म्हणाले, “खेळात झालं तरी जित्या जिवावर हत्यार कशाला? मेल्याला परत मरण न्हाई. तुमीच लिवलंय, मास्तर.”

किती सांगाडे उठवावेत, याला नियमात मर्यादा नव्हती. ते लढलेच पाहिजेत, असंही कुठे म्हटलं नव्हतं. आप्पांनी एक जुनं रणांगण गाठून साठ सांगाडे उठवले आणि राक्षसाच्या दारात नुसते बसवून ठेवले.

“पुढे?” प्राध्यापकांनी विचारलं.

“पुढं काय न्हाई. त्याला भूक लागंल, ह्यांना न्हाई.”

“आप्पा, ही फसवणूक आहे!”

“कुठल्या कलमात?”

गोष्टीतल्या चौथ्या दिवशी राक्षस शरण आला. सुट्टीवर आलेला माझा धाकटा भाऊ हसून लोळायचा बाकी राहिला. “आवं आप्पा, तुमी आमच्या पलटणीत पायजे हुता!” मग आप्पांनी साठ बेदाणे आम्हाला वाटून टाकले. “खावा. सुटले बिचारे.”

भावाचं सोंग तलवारबहाद्दराचं. त्याची सोंगटी म्हणजे वर्दीचं पितळी बटण. सुट्टीच्या शेवटच्या रविवारी फासे उलटे पडले आणि तलवारबहाद्दर गुहेत मेला. भाऊ निघताना म्हणाला, “पुढच्या सुट्टीला उठवा मला, आप्पा.”

“उठवतो की. नियमात बसतंय.”

तो सरहद्दीवर बर्फाखाली गेला. देह मिळालाच नाही. साताऱ्याकडच्या आमच्या गावी आई रोज विचारायची, “त्याला आग कुनी दिली?”

दोन महिन्यांनी आम्ही पुन्हा पाट मांडला. बटण गुहेतच होतं. मी म्हणालो, “आप्पा, उठवा त्याला. नियमात बसतं.”

“बसतंय,” ते म्हणाले. “पर न्हाई.”

ज्यांना प्रत्येक नियमात फट सापडायची, त्यांनी उघडं दार लोटून घेतलं. मला राग आला. मी वही त्यांच्यापुढे आपटली.

ते शांतपणे म्हणाले, “जे उठतंय ते सांगितल्यालं ऐकतंय, मास्तर. तुमचा भाऊ कवा कुणाचं ऐकायचा का?”

मला हसू आलं, आणि मग दोन महिन्यांत पहिल्यांदाच रडू आलं.

आप्पांनी त्या दिवशी बेदाणे मोजले नाहीत. डबाच पाटावर रिकामा केला. “माजी सगळी फौज रानात जाऊन लाकडं आणंल,” ते प्राध्यापकांना म्हणाले. “बसतंय न्हवं?” प्राध्यापकांनी मान डोलावली. बेदाण्यांनी बटण गुहेबाहेर आणलं. चिता रचली. आग तेवढी मी दिली, म्हणजे तसं तोंडाने म्हणालो. मग आप्पांनी बटण उचलून माझ्या तळहातावर ठेवलं आणि माझी मूठ मिटली.

बाहेर दिवस मावळून गेला होता. आतून वहिनींची, आप्पांच्या बायकोची, जेवायची हाक येऊन गेली होती, ती त्यांनी ऐकलीच नव्हती. त्या दिवशी आप्पा उपाशी झोपले.

गेल्या महिन्यात आप्पा गेले. काल दुपारी मी पाट काढला. बटणाशेजारी एक बेदाणा ठेवला आणि वही उघडली. मढं उठवायचा नियम माझ्याच अक्षरात समोर होता. बराच वेळ वाचत बसलो.

मग खिडकीबाहेर पाहिलं. ऊन अजून भिंतीवर होतं. मी तो बेदाणा उचलला आणि दिवस मावळायच्या आत खाऊन टाकला.