अळंब्यांची जागा

हट्ट, चक्रमपणा आणि फाजील आत्मविश्वास हे तीन गुण देवाने साऱ्या रत्नागिरीत थोडे थोडे वाटायला म्हणून धाडले असतील, तर माझ्या थोरल्या साडूंनी ते वाटेतच गाठून एकट्याने घरी नेले, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मत मी त्यांच्या पाठीमागे कधी सांगितलं नाही. तोंडावरच सांगितलं, आणि एकदा नव्हे, पंचवीस वर्षांत निदान शंभरदा. त्यावर ते पानाला चुना लावत शांतपणे म्हणायचे, "मास्तर, तुम्ही संस्कृत शिकवता ना, म्हणून तुम्हाला असं होतं." कसं होतं, ते कधी सांगितलं नाही. त्यांच्याशी वाद घालणं म्हणजे हाताला तेल न लावता फणस सोलायला बसणं. आपलेच हात चिकट व्हायचे.

साडू म्हणजे आमच्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी. त्यांची थोरली, तिला आम्ही सगळेच आक्का म्हणायचो. सासऱ्यांनी आम्हा दोन्ही जावयांना लग्नात संध्येसाठी चांदीची एकेक पळी दिली होती. माझी माझ्या देवघरात जागच्या जागी आहे. त्यांच्या पळीचे काय धिंडवडे निघाले ते पुढे सांगतोच. कोर्टातली कारकुनी संपवून हे गृहस्थ पेन्शनीत निघाले. मूलबाळ नव्हतं. गावाच्या कडेला, कातळाचा उघडा सडा सुरू होतो तिथे घर, भोवती वीस-पंचवीस आंब्याची कलमं. अशा माणसाने एखादी पोथी लावावी, चार पोरांना अक्षर वळवायला शिकवावं, निदान ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी तरी करावी. यांनी काय करावं? अळंबी शिजवायला घेतली. अहो, अळंबी! वारुळावर उगवणारी! आमच्यासारख्यांच्या घरांत तेव्हा अळंब्याचं नावसुद्धा जेवताना कुणी काढत नसे. कुणबीवाडीत ती आवडीने खातात एवढं ऐकून माहीत होतं, आणि तेवढं पुरेसं होतं.

या खुळाचं मूळ भागी. त्यांच्या कलमांना आळी करायला, गवत काढायला येणारी कुणबीण. तिचा मुलगा मुंबईला गिरणीत लागला आणि आईला घेऊन जातो म्हणाला. बोटी बंद व्हायच्या आत जायचं ठरलं, तेव्हा जायच्या आदल्या दिवशी ती साडूंना सड्यावर घेऊन गेली आणि एका वारुळापुढे उभी राहिली. ती तिची जागा. तिच्या सासूने तिला दिलेली. अशी जागा म्हणे एका वेळी एकाचीच असते. ती कुणाला सांगायची नाही, फक्त एकाला नेऊन दाखवायची, तीही आपले पाय थकल्यावर. बोट दाखवायचं नाही, दाखवलं तर अळंबी कुजतात. मुके कळे ठेवायचे, उमललेली तेवढीच काढायची. भागीचा मुलगा मुंबईचा झाला, सून मुंबईचीच, मग जागा द्यायची कुणाला? तिने आपल्या मालकाला दिली. दुसरा कुणी असता तर हसून घरी आला असता. आमचे साडू घरी आले ते गंभीर होऊन, आणि आक्काला म्हणाले, "आपल्याला इस्टेट मिळाली आहे."

आक्का काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. तिने त्याच दिवशी कायदा केला. अळंबी चुलीपाशी येणार नाहीत, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाहीत, घरातलं भांडं त्यांना लागणार नाही, आणि ती शिजवणारा माणूस अंघोळ केल्याशिवाय पाण्याच्या घागरीला हात लावणार नाही. साडूंनी सगळी कलमं मान्य केली आणि मागल्या पडवीत संसार थाटला. एक स्टो, एक पितळी पातेलं, एक विळी. आयुष्यात पाणी तापवलं नव्हतं या माणसाने, पण हळदीच्या पाण्यात अळंब्यांची माती अशी धुवायचा, जणू तान्ह्या मुलालाच न्हाऊ घालतोय. मग नारळ खवायचा, मिरची-धण्याचं वाटण, दोन आमसुलं, वर झाकण, आणि झाकणावर नजर. "याला रक्त नाही, हाड नाही, डोळा नाही," पडवीतून आवाज यायचा, "ही शुद्ध भाजी आहे." आतून आक्का म्हणायची, "भाजी असती तर चुलीपाशी आली असती." असा संवाद आषाढ ते भाद्रपद रोज. मी तो ऐकून कंटाळलो, पण त्या दोघांना कंटाळा कसा तो नव्हता.

जागा कुणाला कळू नये म्हणून तर त्यांनी गावाला वेड लावायचं बाकी ठेवलं होतं. सड्यावर जायचं असलं की आधी बंदराकडे चालत सुटायचे. तिथे दोन ओळखीच्यांना दिसायचं, समुद्राकडे बघून "आज गाज फार आहे" म्हणायचं, आणि मग मागच्या पाणंदीने उलटं सड्यावर. छत्री कायम मिटलेली, झुडपं बाजूला सारायला. पावसात चिंब भिजलेला हा म्हातारा काखेत कोरडी छत्री घेऊन चाललेला बघून माझ्या वर्गातली मुलं खिडकीशी गोळा व्हायची, आणि हे माझे साडू आहेत हे वर्गातल्या प्रत्येकाला माहीत असायचं! बोट न दाखवण्याचा नियम तर इतका अंगी मुरला की चातुर्मासभर ते कशालाच बोट दाखवत नसत. मूठ वळलेली. पोस्ट कुठे आहे विचारलं तर कोपर वर करून दाखवायचे. देवळात पुजाऱ्याने "तुमचं फूल कोणतं?" म्हटलं, तर त्यालाही कोपर. पुजारी बिचारा मागे सरला.

आणि दर वर्षी पहिली अळंबी निघाली की सागाच्या पानात बांधून ते माझ्या दारात हजर. आधी माझ्याकडे, मग स्वतःच्या घरी. "मास्तर, पहिलं पान." बस, एवढंच बोलायचे. बसायचे नाहीत, चहाला थांबायचे नाहीत. ते फाटकाबाहेर पडले की मी ते पान परसात नेऊन केळीच्या बुंध्याशी उलटं करायचो. माझी बायको दारात उभी राहून बघायची. एकदा म्हणाली, "अहो, भिजत आणलंन् त्यांनी." मी म्हटलं, "मी सांगितलं होतं भिजायला?" नऊ वर्षं ही नऊ पानं मी केळीला घातली. केळी मात्र चांगली पोसली.

दहाव्या वर्षी घात झाला. श्रावणात आक्काने आम्हाला जेवायला बोलावलं होतं. मी लवकर गेलो, आणि पडवीतून असा काही वास आला की काय सांगू! मी तिकडे नुसता डोकावलो. पुढे भाकरी, पातेल्यात ते प्रकरण, आणि साडू माझ्याकडे असे बघतायत की नाही म्हटलं तर रडतील. "एक घास, मास्तर. आवडलं नाही तर जन्मात नाव काढणार नाही." त्यांची ब्याद कायमची टळावी, एवढ्याच हेतूने मी बसलो. हेतू शुद्ध होता. एक घास झाला, मग भाकरी संपली, मग दुसरी भाकरी संपली. चवीबद्दल मी तेव्हा एक अक्षर बोललो नाही. आज लिहितो, कारण आता ऐकायला ते नाहीत. तसं मी जन्मात काही खाल्लं नव्हतं.

आता ती पळी. अळंबी विषारी असली तर चांदी काळी पडते, हे यांचं शास्त्र. म्हणून सासऱ्यांनी दिलेली संध्येची पळी हा माणूस आक्काच्या चोरून दर वेळी पातेल्यात सोडायचा! नऊ वर्षं पळी पांढरी निघाली. त्या दिवशी गप्पांच्या नादात ती आधी बघायची राहिली. पातेलं रिकामं झाल्यावर त्यांनी ती वर काढली, ती काळीठिक्कर. मी पळीकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मास्तर," ते म्हणाले, "घात झाला."

पुढचा तास मला आठवू नये असं फार वाटतं. मिठाचं पाणी, परसातला माड, माडाच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला साडू. माझी बायको रडतेय, आक्का देवघरातल्या देवाला आणि पडवीतल्या नवऱ्याला एकाच दमात हाका मारतेय. शेजारीपाजारी कुंपणापाशी. डॉक्टर आले, नाडी बघितली, जीभ बघितली, मग पातेलं नाकाशी नेलं आणि विचारलं, "यात लसूण घातली होती का?" उत्तराची वाट न बघता डॉक्टर म्हणाले, "लसणीनेसुद्धा चांदी काळवंडते. तुम्हाला काहीएक झालेलं नाही." साडू माडाला टेकून बसले होते. त्यांनी आक्काकडे बघितलं नाही, माझ्याकडे बघितलं नाही. हळूच म्हणाले, "सात पाकळ्या. मास्तर पहिल्यांदाच जेवणार होते. म्हटलं, चव यावी."

ऐन चातुर्मासात लसूण! तीही अळंब्यांत! आणि खाणारा कोण, तर शाळेत संस्कृत शिकवणारा मी! कुंपणावरून ही बातमी बाजारात गेली, बाजारातून शाळेत. दुसऱ्या दिवशी मी वर्गात शिरलो तर फळ्यावर सुबक छत्री काढलेली. भटजींनी आम्हा दोघांना पंचगव्य दिलं. मी डोळे मिटून प्यालो. साडूंनी चूळभर तोंडात घोळवलं आणि म्हणाले, "मीठ हवं होतं." भटजींसमोर! मी तिथेच जाहीर केलं की यापुढे या गृहस्थांशी माझा संबंध संपला, आणि तो अबोला मी पुरी दोन वर्षं पाळला. त्या दोन्ही श्रावणांत पहिलं पान फाटकाच्या खांबावर ठेवलेलं असायचं. आणणारा दिसायचा नाही.

दुसऱ्या श्रावणाच्या शेवटी आक्का स्वतः आली. म्हणाली, "त्यांचे गुडघे गेलेत. काठी टेकत उद्या सड्यावर जायचं म्हणतात. तुम्हाला बरोबर बोलावलंय. काय ती जागा दाखवायची आहे म्हणे." मी पेपर वाचत होतो. पेपर खाली न ठेवता म्हटलं, "त्यांना म्हणावं, तुमची जागा तुम्हालाच लखलाभ. मला माझी शाळेतली जागा टिकवायची आहे." हे बोलल्यावर मला माझंच फार कौतुक वाटलं होतं. आक्का पाणीसुद्धा न पिता गेली. दुसऱ्या दिवशी, बायकोने नंतर सांगितलं, ते कपडे करून दुपारपर्यंत ओटीवर बसून होते. छत्री मांडीवर. मग कपडे उतरवून जेवायला बसले.

माघात गेले. झोपेत गेले, कुणाला त्रास दिला नाही. जन्मभर दिला तेवढा पुरे झाला असेल.

उन्हाळ्यात भागी मुंबईहून आली, आक्काला भेटायला. मी त्या वेळी आक्काकडे कलमांचा हिशोब बघायला गेलो होतो. म्हातारी पायरीवर बसून डोळे पुसत होती. मला बघून म्हणाली, "जागा कुनाला देल्यान भाऊंनी?" आक्का म्हणाली, कुणालाच नाही. "असा कसा व्हईल? पयला पान कुनाच्या घरी जायाचा?" मी म्हटलं, "माझ्या. का?" भागीने कपाळाला हात लावला. "अवो मास्तर, पयला पान ज्याला देतात, जागा त्याची! सासूनं मला सात वरसं देल्यान, मंग दाखवल्यान. मी भाऊंना पाच वरसं देत व्हते. खानाऱ्याची जीभ वळाया लागते, मंग पाय आपसूक वळतात. तुमाला दाखवाया नेल्यान न्हाय?"

"बोलावलं होतं."

"मंग?"

"मी गेलो नाही."

मग मी, सरळ सांगतो, मी त्या म्हातारीला हात जोडले. म्हटलं, "बाई, तुम्हाला तर ठाऊक आहे. तुम्ही दाखवा." तिने मान हलवली. रागाने नव्हे. "मी देली ती देली. आता माझी न्हाय ती. भाऊंची व्हती, भाऊंनी तुमाला देली. तुमी घेतली न्हाय." उठताना म्हणाली, "आता कुनाचीच न्हाय."

निघताना आक्काने ती पळी माझ्या हातात ठेवली. चिंच लावून घासली होती, तरी दांड्याच्या खाचेत थोडा काळेपणा राहिलेला. मी ती माझ्या पळीशेजारी ठेवली आहे. संध्येला कोणती घेतो ते सांगत नाही.

याला आता चार वर्षं झाली. सारा दोष त्यांचा. एवढी जागा होती तर सरळ सांगायचं, नकाशा काढायचा, कोर्टात जन्म गेला तर एक कागद करून ठेवायचा! पण सरळ काही करतील तर ते माझे साडू कसले? आता श्रावण लागला की मी सड्यावर जातो. आधी बंदराकडे जाऊन, मग पाणंदीने. छत्री त्यांचीच, आक्काने दिलेली. वारुळं शेकडो आहेत. एक तिथे असेल, त्यावर अळंबी उगवत असतील, उमलत असतील, आणि कुणी काढत नाही म्हणून जागच्या जागी काळी पडत असतील. मला अजून सापडलेलं नाही. घरी येतो तेव्हा बायको माझ्या हाताकडे बघते आणि पंचा देते.

परवा परतताना पावसात एका परक्या माणसाने मला पोस्टाची वाट विचारली. मी सांगितली. तो माझ्याकडे जरा चमत्कारिक नजरेने बघत निघून गेला, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की मी त्याला कोपराने वाट दाखवली होती, आणि माझी मूठ वळलेली होती.