जुन्या सडकेची नर्सबाई

"भाऊ, वारा कोठून हाये?"

सायकलवर बसण्याआधी बाई हे विचारायच्या आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता पदराचं टोक वर धरून स्वतःच पाहायच्या. वारा समोरून असला की म्हणायच्या, "आज मेहनत हाये बाप्पा." मागून असला तर काहीच बोलायच्या नाहीत. सरळ निघायच्या.

अमरावतीजवळच्या वलगावच्या पुढे चार-पाच मैलांवर, पेढी नदीच्या बाजूला एका गावात सरकारी दवाखाना होता. तिथं मी कारकून होतो आणि बाई नर्स. साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. सायकल चालवणाऱ्या बाईकडे तेव्हा अमरावती शहरातसुद्धा लोक वळून पाहत. खेड्यात तर कामं टाकून पाहायला येत. तुम्ही त्या काळात वऱ्हाडात असाल तर तुम्हीही कधी वळून पाहिलं असेल. मीही पाहिलं होतं.

बाई अकोल्याच्या जुन्या शहरातल्या. उन्हाळ्यात मोर्णा नदीचं पात्र कोरडं पडलं की तिथं, थोरल्या भावाच्या सायकलवर, पहाटे कोणी उठायच्या आत त्या शिकल्या. "गोट्यायवर पडली, रेतीत पडली, एकदा म्हशीवर पडली," असं सांगून त्या मनापासून हसायच्या. छप्पन साली घरच्यांनी धम्म घेतला, त्याच सुमारास बाईंनी नर्सचं शिक्षण पुरं केलं. नवरा लग्नानंतर दोन वर्षांतच वारला होता. मूलबाळ नव्हतं. आमच्या भागातली निम्मी पोरं मात्र त्यांच्याच हातावर जन्मली.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर निघालो ते जन्माच्या नोंदी घ्यायला. तीन मैलांवरचं गाव. पक्की सडक सरळ जात होती. बाईंनी मात्र पिंपळाजवळ सायकल डावीकडे वळवली.

"बाई, सडक इकडं हाये."

"थे मोटारीची सडक. आपली ही."

ती जुनी सडक होती. नवी पक्की झाली तेव्हापासून हिच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. दोन्ही बाजूंना कडुलिंब, मधूनच चिंच, खाली दाबून बसलेला मुरूम. यष्टी नाही, जिनिंगकडे कापूस नेणारे ट्रक नाहीत. एवढी शांतता की दोन्ही सायकलींच्या साखळ्यांचा आवाज वेगवेगळा ऐकू येत होता. माझी कुरकुरत होती, त्यांची नव्हती. पऱ्हाटीतून कापूस वेचणाऱ्या बाया ओरडून विचारायच्या, "बाई, कोणाच्या घरी?" बाई पायडल न थांबवता सांगायच्या. पुढच्या वावरातल्या बायांना ते आधीच कळलेलं असायचं.

मला त्या रस्त्याचा रागच आला होता. दोन मैलांचा फेरा पडत होता आणि मला लवकर परतायचं होतं. तसं मी बोलूनही दाखवलं. बाई म्हणाल्या, "उद्या सडकेनं जाऊ. मंग सांगा."

दुसऱ्या दिवशी सडकेनं गेलो. फाट्यावरच्या हाटेलात सात-आठ जण बाकड्यावर बसले होते. "पाह्य रे पाह्य, बाई सायकलवर!" एकानं शिट्टी मारली. एकानं बाईंच्या जातीवरून असं काही म्हटलं की ते मी इथं लिहिणार नाही. मग पाठीमागून मातीचं ढेकूळ आलं आणि बाईंच्या कॅरिअरवरच्या औषधांच्या पिशवीवर फुटलं. मी सायकल थांबवली. बाईंनी थांबवली नाही. मला पुन्हा सायकलवर बसून त्यांना गाठावं लागलं.

"तुमी त्याइले काही म्हणत कावून नाई?"

"त्याइच्या घरी बाळंतपण निंगालं की त्याइची मायच बलवाले येते मले," बाई म्हणाल्या. "रोज कोणाकोणाशी भांडू भाऊ? मले टायमावर पोचाचं असते."

त्यानंतर मी रस्त्यावरून कुरकुर केली नाही.

काही घरांत बाळंतपणाला बाईंचे हात चालायचे, पण नंतर पाणी मागितलं की तांब्या वरूनच ओतायची तयारी व्हायची. बाई ओंजळ पुढे करत नसत. "माह्यापाशी बाटली हाये," म्हणायच्या आणि हँडलला अडकवलेल्या बाटलीतून दोन घोट घ्यायच्या.

जुन्या सडकेवर एकच अडचण होती. वाटेत नाला होता आणि त्यावरचा दगडी रपटा, म्हणजे बुटका पूल, एका पुरात मधोमध फुटला. उन्हाळ्यात सायकल खांद्यावर घेऊन उतरता यायचं. पावसाळ्यात मागे फिरून पक्क्या सडकेनं वळसा, आणि तिथून नाल्यापलीकडच्या गावापर्यंत वावरांमधली काळ्या मातीची पांधण. ती माती चाकांत अशी भरते की सायकल माणसावर बसते.

"भाऊ, अर्ज लिहा," बाई म्हणाल्या.

मी लिहिला. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला वाटायचं, चांगल्या अक्षराचं सरकार ऐकतं. चार महिन्यांनी उत्तर आलं की हा रस्ता या खात्याकडे नाही. ज्या खात्याकडे होता त्याला लिहिलं. त्यांनी कळवलं, सदर ठिकाणी पक्की सडक उपलब्ध असल्यानं जुनी सडक ही सडक राहिलेली नाही. मी विचारलं, मग ती काय आहे? त्याचं उत्तर आलं नाही. पुढे एक ओव्हरसियर पाहणीला आले. त्यांची जीप जुन्या सडकेवर शिरेना. पक्क्या सडकेवर उभं राहून त्यांनी हात कपाळावर धरून झाडांकडे पाहिलं, आमच्या दवाखान्यात चहा घेतला आणि गेले. त्यांचा शेरा आला: "पाहणी केली. वाहतूक आढळली नाही."

ते वाचून मी कागद टेबलावर आपटला. बाई म्हणाल्या, "खरं हाये त्याइचं. आपून दोघंच तं जातो." आणि पुढचा अर्ज लिहायला लावला. अशा अकरा अर्जांच्या नकला मी फायलीत लावल्या.

अकरावा अर्ज गेला त्या वर्षी श्रावणात नाल्यापलीकडच्या गावाहून माणूस आला. पोहून आला होता, अंगावरून पाणी गळत होतं. त्याच्या भावाची बायको सकाळपासून अडली होती. बाईंनी पिशवी उचलली. मीही निघालो. नाल्याशी पोचलो तर पाणी दोन्ही काठांना लागलेलं. पलीकडे ते गाव दिसत होतं, घरांवरची कवेलू मोजता आली असती. तो माणूस म्हणाला, "मी तुमाले पाठीवर घेतो बाई." बाईंनी पाण्यात पाय घातला आणि काढून घेतला. पिशवी वाहून गेली तर जाऊन उपयोग नव्हता.

आम्ही फिरलो. पक्की सडक, मग पांधण. सायकली ढकलल्या, मग उचलल्या, शेवटी एका वावराच्या धुऱ्यावर टाकून दिल्या. बाईंची चप्पल चिखलात राहिली. त्या अनवाणीच पुढे चालत राहिल्या. मीच सारखा बोलत होतो, खात्याला शिव्या देत होतो. अडीच तास लागले.

बाईंनी आईला वाचवलं. पोरगा गेला. अर्धा तास आधी आल्या असत्या तर, असं गावातली म्हातारी दाई म्हणाली. ती बाईंना दोष देत नव्हती, जे दिसलं ते सांगत होती.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलाशी आल्या. "भाऊ, अर्ज लिहा."

"काहाले? पुन्हा थेच उत्तर येईन."

"लिहा. पोराचं लिहा त्याच्यात."

मी लिहिलं. अर्जावर सही करणाऱ्या डॉक्टरसाहेबांनी वाचून लेखणी उचलली आणि पोराची ओळ खोडली. "सरकारला असं लिहितात का?" बाई दारात उभ्या होत्या. खोडलेली ओळ त्यांनी पाहिली. त्या निघून गेल्या आणि तो अर्ज पाठवायचा राहिला.

पाणी ओसरल्यावर बाई स्वतःच नाल्यात उतरल्या. दवाखान्याची वेळ संपली की जायच्या आणि पडलेले गोटे उचलून फुटलेल्या जागी लावायच्या. दोन दिवस एकट्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी गेलो. चौथ्या दिवशी पलीकडून बंडी आली, दगडांनी भरलेली. मेलेल्या पोराचा बाप हाकत होता. त्याच्यामागे गावचे दहा-बारा जण, त्यात बौद्धवाड्यातले होते आणि पाटलाच्या घरचेही. आठ दिवसांत रपटा उभा राहिला. ओबडधोबड होता, पण सायकल जात होती. शेवटच्या दिवशी ती बाळंतीण सासूचा हात धरून काठापर्यंत आली. तिनं पाण्याचा तांब्या बाईंच्या हातात दिला. बाईंनी तो दोन्ही हातांनी धरला. मग तोंडाला लावून सगळा प्यायल्या.

अकरा अर्जांना जे खातं हललं नव्हतं ते या वेळी पंधरा दिवसांत हललं. शासकीय नाल्यात विनापरवाना बांधकाम केल्याबद्दल बाईंकडून खुलासा मागवला. ज्या सडकेला ते सडक मानत नव्हते, तिच्यावरचा नाला मात्र त्यांचा होता! मी रागानं चार पानी खुलासा लिहिला. बाईंनी तो वाचला आणि परत दिला.

"एवढं नोका लिहू. लिहा, नाल्यात गोटे टाकले. पाणी खालून जाते, माणसं वरून जातात."

तसंच लिहिलं. त्यांनी सही केली.

महिन्याभरात बदलीचा हुकूम आला, अकोला जिल्ह्यात. डॉक्टरसाहेब म्हणाले, "घराकडे बदली मिळाली, उपकार माना." बाई म्हणाल्या, "हाव साहेब." यष्टीच्या टपावर त्यांची सायकल मीच चढवली, दोरीनं बांधली. गाडी सुटली तेव्हा त्या खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "हँडल वाकडं होईन पाहा."

नवी नर्स सडकेच्या गावांनाच जायची. तिचा दोष नव्हता, तिला सायकल येत नव्हती. आजूबाजूच्या वावरवाल्यांनी हळूहळू जुनी सडक नांगरली. कडुलिंब एकेक करून तोडले गेले. मी दोनदा तक्रार केली. फक्त पोचपावती आली.

पुढं सात-आठ वर्षांनी अकोल्याहून यष्टीनं येत होतो. खिडकीतून एक पांढरं लुगडं दिसलं. सडकेपासून दूर, तुरीच्या वावरामधून, एक बाई सायकल चालवत होती. केस पिकलेले. मी उठलो आणि कंडक्टरला ओरडून गाडी थांबवायला सांगितली.

"इथं थांबा नाई साहेब," तो म्हणाला आणि तिकिटं फाडत पुढे गेला.

मी मागच्या काचेशी जाऊन पाहिलं. त्या बाईच होत्या का, हे मला आजही सांगता येणार नाही. तूर उंच होती, गाडी जोरात होती. शेजारचा माणूस म्हणाला, "ओळखीच्या होत्या काय?"

"आमच्या दवाखान्यात होत्या," मी म्हणालो आणि बसलो.

पुढे अमरावतीपर्यंत तो काहीबाही बोलत होता. माझं लक्ष नव्हतं. रपट्यासाठी मी अकरा अर्ज लिहिले, बाराव्यातली ओळ डॉक्टरसाहेबांनी खोडली. बाईंच्या बदलीविरुद्ध मी एकही लिहिला नव्हता. त्यांनी सांगितलं नाही, हे खरं आहे. पण मला सुचलंही नाही, हेही तेवढंच खरं आहे.