शेवटची फेरी एकटीची

सर्वप्रथम क्षमस्व, माझ्यासारख्या संथ पोहणारीने स्पर्धेविषयी लिहावे, हे धाडसच आहे.

आज मुलुंडच्या तलावात प्रौढांच्या दोनशे मीटर शर्यतीत उतरले. शेवटची स्पर्धक भिंतीला हात लावेपर्यंत कुणीही पाण्याबाहेर यायचे नसते. गेल्या वेळी सर्वांना ताटकळत ठेवण्याच्या संकोचाने मी शर्यत अर्ध्यातच सोडून बाहेर पडले होते.

आजही शेवटच्या फेरीला मी एकटीच उरले. तळाच्या निळ्या फरश्यांवरून माझी सावली सावकाश सरकत होती. क्षणभर वाटले, आपण उडतो आहोत.

भिंतीला हात लागला. शेजारच्या लेनमधल्या काकूंना म्हटले, "सॉरी, माझ्यामुळे थांबलात."

"थांबतेय कुठे? दम खातेय गं. अजून एक फेरी मारली असतीस तर बरं झालं असतं."

आपली वाट पाहणाऱ्यांना आपण उगाच किती घाबरतो, नाही का?

रविवार, ८ डिसेंबर २०२४, दुपारी ४.१०