डेक्लनचा वॉर्मअप

फिजिओथेरपीत पेशंटचे गुडघे वाकायला वेळ लागतो, तोवर तोंडं चालू असतात. त्यामुळे साउथहॅम्प्टनच्या आमच्या डिपार्टमेंटला किश्श्यांचा तुटवडा कधी पडला नाही. त्यातले निम्मे डेक्लनचे. डेक्लन माझा सीनियर, आयर्लंडचा, एके काळचा हर्लिंग खेळाडू. आता पन्नाशी उलटलीय आणि उजवा गुडघा नवा बसवलाय. किस्से तो हसवायला सांगतो, पण घरी जाताना मला मात्र वाईट वाटत राहतं.

*

हर्लिंग म्हणजे टोकाला पसरट असलेल्या लाकडी दांड्याने चेंडू हवेतल्या हवेत टोलवायचा खेळ. डेक्लनचा दांडा भिंतीवर टांगलाय. नवा पेशंट तो बघून हमखास विचारतो, "हॉकी का?" डेक्लन शांतपणे त्याचा व्यायाम वाढवतो.

माझे वडील, अण्णा, सांगलीहून सहा महिने राहायला आले होते. त्यांनी दांडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "यानं धुणं झकास बडवता येईल!" मी घाबरत भाषांतर केलं. डेक्लन म्हणाला, त्याची आजीही हेच म्हणायची. झालं, दोघांची गट्टी जमली. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याचं इंग्लिश त्याच्याबरोबर रिटायर झालेलं. मध्ये मी.

*

अण्णांनी विचारलं, या खेळात पगार किती? डेक्लन म्हणाला, काहीच नाही. आपल्या गावासाठी, आपल्या काउंटीसाठी, म्हणजे जिल्ह्यासाठी खेळायचं, वर चहा-सँडविच मिळायचं आणि सोमवारी गपचूप कामावर जायचं.

"मग एवढी हाडं कशाला मोडून घेतलीस?"

डेक्लन आपली वाकडी करंगळी बघत बसला. "फायनल खेळायची होती," एवढंच म्हणाला.

*

हर्लिंगच्या फायनलचा रविवार आला की डेक्लन स्वतःहून ड्यूटी मागून घेतो. आम्हाला काय, आम्ही खूश. एकदा वॉर्डातल्या आयरिश आजोबांनी टीव्हीवर तीच मॅच लावली, तर हा त्यांचे व्यायाम अर्धवट टाकून बाहेर. त्या दिवशी मी त्याला चहाला बसवून विचारलंच.

त्याची काउंटी फायनलला पोचली, तेव्हा हा राखीव खेळाडूंत होता. गाईंचं दूध काढायचं सोडून कधी कुठे न जाणारे वडील नवा कोट घालून स्टँडमध्ये बसलेले. शेवटी शेवटी कोच म्हणाला, वॉर्मअप कर. हा रेषेबाहेर पळत राहिला. आता बोलावतील, मग बोलावतील, तोच शिट्टी वाजली. टीम जिंकली. मेडल यालाही मिळालं, ते आम्ही कुणी अजून पाहिलेलं नाही.

परतताना गाडीत वडील गप्प. घराच्या फाटकाशी म्हणाले, "वॉर्मअप छान केलास."

पुढच्या सीझनला याला टीममध्ये घेतलं नाही. हा इंग्लंडला आला, काही वर्षांनी वडील गेले. "ते चेष्टा करत होते की खरंच म्हणत होते," डेक्लन म्हणाला, "ते विचारायचं राहिलं." हा किस्सा मी अण्णांना सांगितला नाही. धीरच झाला नाही.

*

अण्णा परत जायच्या आधी महाराष्ट्र मंडळाची समर पिकनिक होती. क्रिकेट मॅचमध्ये बाकीच्यांना बॅटिंग हवी होती, म्हणून कॅप्टन मी. डेक्लन आमचा पाहुणा खेळाडू. अण्णा सकाळपासून बुटांच्या नाड्या बांधून खुर्चीत बसलेले. पंच्याहत्तरीचा माणूस, पडले तर काय, म्हणून मी त्यांना घेतलं नव्हतं.

आमची फील्डिंग चालू असताना शेवटच्या ओव्हरला डेक्लन लंगडत बाहेर आला. डावा गुडघा धरून! नवा बसवलेला तर उजवा. मी काही म्हणायच्या आत त्याने अण्णांना हाताने खूण केली आणि अण्णा धावलेच.

शेवटचा चेंडू उंच उडाला तो नेमका अण्णांकडे. हातात बसला आणि सुटला. आम्ही हरलो.

घरी येताना गाडी डेक्लन चालवत होता. राउंडअबाउटचा गोल चौक जवळ आला तसे अण्णा मागून म्हणाले, "जरा वॉर्मअप करायला मिळाला असता, तर धरला असता."

मी भाषांतर केलं.

"चेष्टा करताहेत का ते?" डेक्लनने विचारलं.

मी वळून अण्णांकडे पाहिलं. "नाही. अगदी मनापासून म्हणताहेत."

आमची एक्झिट आली आणि गेली. डेक्लन राउंडअबाउटला पुन्हा एक फेरी मारून आला, आणि मग आणखी एक.