वेतवाल्यानं स्वतःकडून घेतलेलं स्टूल

वेतवाल्याला सगळी गल्ली वेतवालाच म्हणायची. खुर्च्यांच्या बैठका विणण्यात त्याचं उभं आयुष्य गेलं. वेत घ्यायला गेला की आधी एक कांडी अंगठ्यावर वाकवून बघायचा. मोडली तर अख्खी जुडी परत. दुकानदार वैतागायचा, पण हा ढिम्म.

हल्ली दारावरचं गिऱ्हाईक आटलं होतं. सुनेनं त्याच्या स्टुलांचे फोटो फोनवर टाकले, तिथून थोडं थोडं काम येऊ लागलं. मग एका कॉफीवाल्या बाईंनी नव्या दुकानासाठी पंधरा स्टुलं सांगितली. पैसे ऑनलाइन घ्या, म्हणाल्या, आणि शनिवारी संध्याकाळपर्यंत व्यवहार पक्का करा. नाहीतर प्लास्टिकची उचलते. एवढं काम कित्येक वर्षांत हाती आलं नव्हतं. हे हुकलं तर दुकान बंद करायचं, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. घरात सगळ्यांना ते कळलं होतं.

ऑनलाइन पैसे घ्यायचे तर मध्ये एक कंपनी लागते. सुनेनं तीन कंपन्यांत खाती उघडून ठेवली. वेतवाल्यानं तिघींना नावं ठेवली. कमिशन सर्वांत कमी, पण पैसे आठवडाभर दाबून ठेवणारी ती स्वस्ताई. पैसे त्याच दिवशी देणारी, पण माल खपो न खपो महिन्याचं भाडं घेणारी ती झटपट. तिसरीचं कमिशन मधलं. तिनं दुकानाच्या फोटोपासून सगळं मागितलं, म्हणून चौकशीबाई.

"बाबा, लोक कमिशन बघतात नि मोकळे होतात," सून म्हणाली.

"कमिशन तर पाटीवरच लिहिलंय. माल परत आला तर कशा वागतात, ते कुठं लिहिलंय?"

"नियमांत आहे सगळं. ढीगभर पानं आहेत."

"वाचलीस?"

"तुम्ही वाचा," म्हणून सुनेनं विषय संपवला. मधलं कमिशन बरं म्हणून चौकशीबाईची पैसे भरायची लिंक कॉफीवाल्या बाईंना पाठवून टाकली आणि ती कामाला गेली.

वेतवाल्याला चैन पडेना. वाकवून बघितल्याशिवाय घ्यायचं कसं? त्यानं स्वतःचं कार्ड काढलं आणि तिन्ही खात्यांवर स्वतःचंच एकेक स्टूल विकत घेतलं. लगेच परत केलं. पुन्हा घेतलं, पुन्हा परत केलं.

"अहो, स्टूल तर हलतसुद्धा नाहीये जागचं," बायको म्हणाली.

"ते नको हलायला. पैसे कसे हलतात ते बघतोय."

पैसे तऱ्हेतऱ्हेनं हलले. झटपटनं लगेच परत दिले. स्वस्ताईनं दिले, पण आपलं कमिशन कापून. एकीनं कापले, एकीनं नाही, असं का, ते त्यानं दोघींना लिहून विचारलं. दोन्हीकडून यंत्रानं संपर्क केल्याबद्दल तेच तेच आभार मानले. चौकशीबाईनं मात्र खातंच गोठवलं. व्यवहार संशयास्पद आहे, म्हणाली.

शनिवारी दुपारी सून घरी आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "स्वतःचंच कार्ड? बाबा, चोरीची कार्डं चालतात का, हे चोर असंच बघतात. थांबा, झटपटची लिंक पाठवते."

पाठवली असती तर काम भागलं असतं. पण वेतवाल्याचं कुतूहल त्याच्या भीतीपेक्षा मोठं निघालं. "चारपर्यंत थांब," तो म्हणाला. "पकडलंय, तर विचारायला कुणीतरी येईल ना?"

चार वाजायच्या आधी चौकशीबाईकडून फोन आला. माणसाचा आवाज होता, मुलीचा.

"काका, स्टूल कुणी घेतलं?"

"मी."

"कुणाकडून?"

"माझ्याकडून."

"का?"

"तुम्हाला बघायला."

"हे चालत नाही, काका."

"बाकीच्या दोघींना चाललं."

"मग त्यांना विचारा."

"विचारलं. तिकडे माणूसच नाही."

मुलगी हसली. पुन्हा असं केलंत तर खातं कायमचं बंद होईल, हेही तिनं बजावलं. मग अर्धवट विणलेल्या स्टुलाशेजारी उभं राहून फोटो पाठवायला सांगितला. त्यानं पाठवला. दिवस मावळायच्या आत खातं उघडलं, आणि थोड्याच वेळात कॉफीवाल्या बाईंचे पैसे आले. सोबत निरोप होता: लिंक दुपारी चालत नव्हती, मी प्लास्टिकवाल्याच्या दुकानात उभी होते.

सुनेनं निरोप पुन्हा एकदा वाचला. "काठावर वाचलो, बाबा."

"हो," वेतवाला म्हणाला. चूक त्यालाही कळली होती. "चौकशीबाईच ठेवू. जी आपल्याला पकडते, ती दुसऱ्यालाही पकडेल. त्या दोघींची खाती बंद कर."

स्वस्ताईचं लगेच बंद झालं. झटपटचं खातं बंद करायचं बटण काही केल्या सापडेना. सून शोधत राहिली, आणि वेतवाला चष्मा लावून तिच्या शेजारी जाऊन बसला.

"सरक जरा," तो म्हणाला. "मला बघू दे, कुठं लपवलंय."